दोन वाक्यं, दोन्ही चुकीची: आंतरराष्ट्रीय कायदा आणि आपण

एक दावा पुन्हा पुन्हा पुढे येतो: ‘आंतरराष्ट्रीय कायदा बड्या राष्ट्रांनी लिहिला, भारतानं फक्त सह्या केल्या. आणि आपल्या न्यायालयात तो नुसता कागद.’

आधी न्यायालयाचं. करार आपोआप देशाचा कायदा होत नाही हे खरं; त्यासाठी संसदेनं कायदा करावा लागतो, राज्यघटनेचं कलम 253 त्यासाठीच आहे. पण 1997 साली विशाखा खटल्याच्या वेळी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं भारतानं 1993 साली मान्य केलेल्या महिलाविषयक कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. संसदेचा कायदा आला 2013 मध्ये. मधली सोळा वर्षं नोकरदार बायकांना त्याच ‘कागदा’चा आधार होता.

‘फक्त सह्या’? जागतिक व्यापार संघटनेच्या पेटंट करारावर आपण सही केली, पण 2005 साली पेटंट कायद्यातलं कलम 3(ड) कडक केलं: जुन्या औषधाचं रूप बदललं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. 2013 मध्ये नोव्हार्टिस ही औषध कंपनी सर्वोच्च न्यायालयात याच कलमावर हरली. फिलिपिन्सनं तर 2008 सालीच अशी तरतूद आपल्या कायद्यात घेतली होती.

आणि लिहिलं कोणी? मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं ‘ऑल मेन’ बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो दादरा-नगर हवेलीचा खटला. 1954 साली ही गावं पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तिथे जायला भारतातून वाट हवी म्हणून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मराठ्यांशी झालेल्या 1779 च्या पुण्याच्या तहानं पोर्तुगालला या गावांवर सार्वभौमत्व मिळालं, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी पेशव्यांच्या सनदा तपासल्या. तिथे होतं काय, तर जहागीर, सरंजाम: वर्षाला 12,000 रुपयांचा महसूल, राज्य नव्हे! आपल्या दप्तरातले शब्द हेगच्या निकालात गेले. (पोर्तुगालचं सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मानलं, हेही न्यायालयानं नोंदवलं.)

1960 च्या निकालानं सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीवरून नागरिकांना आणि मालाला वाट आहे, सैन्याला आणि शस्त्रांना नाही असं ठरवलं. भारतानं कोणतंही कर्तव्य मोडलं नाही, हेही. दोनच देशांत रूढी, म्हणजे वहिवाटीतून बनणारा कायदा, बनू शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद मात्र फेटाळला गेला. तेव्हापासून अशा द्विपक्षीय रूढीचा विषय निघाला की याच खटल्याचा दाखला दिला जातो.