सीलिंगवरचा पागडीवाला

आमच्या हॉलचं फॉल्स सीलिंग मी हौसेनं करून घेतलं. म्हणजे हौस बायकोची, हप्ते माझे. त्यात बारा दिवे आहेत, पैकी सात लागतात. सीलिंग आणि स्लॅबच्या मधल्या नऊ इंचांत आपण कुणाला तरी बिऱ्हाड थाटून दिलंय, हे मला मार्चमधल्या एका रात्री अडीच वाजता कळलं.

आधी वाटलं उंदीर. मुलुंडला उंदरांचं काय कौतुक? पण उंदीर खुडबुडतो, हा चक्क चालत होता. पंख्यापासून बेडरूमच्या दारापर्यंत आणि परत, जेवून शतपावली घालावी तसा. मग एक धप्पकन उडी, आणि वर्षभर बंद असलेला आठवा दिवा लागला.

सकाळी सेक्रेटरींना गाठलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सीलिंग तुमचं, म्हणजे आवाजही तुमचाच. सोसायटीचा संबंध कॉमन एरियापुरता. तरी काही म्हणणं असेल तर लेखी अर्ज द्या."

वॉचमननं मात्र लगेच निदान केलं. "बिज्जू है साब. कबर खोदके मुर्दा खाता है." दुर्दैवानं हे आईनं ऐकलं. त्या रात्रीपासून तिनं हॉलमधला दिवाण सोडला. "माझं वय ब्याऐंशी," ती म्हणाली, "त्याला चाहूल लागली असेल."

शेवटी तळमजल्यावरच्या सावंतकाकू आल्या, मान वर करून हवा हुंगली आणि म्हणाल्या, "गे बाय, ह्यो कांडेचोर! आमच्या परड्यातले पिकले पोपये ह्योच खाता." कांडेचोर म्हणजे उदमांजर. मांजर नावापुरतंच, मांजराच्या कुळाशी त्याचं नातं लांबचं. मुडदेफरास तर मुळीच नाही; फळं, किडे, उंदीर यांवर गुजराण करणारा निशाचर प्राणी. काकूंनी हुंगलं ते मात्र बरोबर होतं. महिनाभर रात्री बाराच्या पुढे आमच्या घरात आंबेमोहोर भाताचा वास यायचा. बायको समोरच्या जोशांवर संशय घेऊन बसली होती. तो वास या प्राण्याच्या शेपटीखालच्या गंधग्रंथींचा होता. आता ती जोशांशी जरा जास्तच गोड बोलते.

या ग्रंथी नरालाही असतात आणि मादीलाही, आणि दिसतात अंडकोषांसारख्या. त्यामुळे पालास नावाच्या शास्त्रज्ञानं 1777 साली त्याच्या शास्त्रीय नावात 'हर्माफ्रोडायटस', म्हणजे उभयलिंगी, असं घालून ठेवलं. शास्त्रज्ञाची ही गत, तर आमच्या वॉचमनला काय बोलायचं!

माझं बालपण गिरगावात पागडीच्या, म्हणजे एकदाच रक्कम मोजून पुढे नाममात्र भाड्यानं राहायच्या, खोलीत गेलं. 1947 च्या भाडेकायद्याच्या जोरावर आजोबांनी मालकाला जन्मभर झुलवलं. मालकानं नळ तोडला, जिन्यातला बल्ब काढून नेला, दारासमोर रेती टाकली. आजोबा हलले नाहीत. आम्ही पोरं मालकाला खलनायक समजायचो. आता मीच मालक झालो होतो आणि भाडेकरूच्या पाठीशी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. मी डांबरगोळ्या टाकल्या. सुक्या मिरचीची धुरी केली. त्यात आम्ही चौघं खोकत जिन्यात जाऊन बसलो, आणि वरून घोरल्याचासुद्धा आवाज आला नाही. डिट्टो आजोबा.

मग वनखात्याचा 1926 नंबर फिरवला. फोनवरच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बारीक चीं-चीं ऐकू येतंय का?" येत होतं. "मग ती पिल्लंवाली आहे. पिंजराबिंजरा लावू नका, भोक बुजवू नका. पिल्लं मोठी झाली की जाईल आपणहून." म्हणजे पागडीवाला नव्हे, पागडीवाली, तीसुद्धा बाळंतीण. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं 104 चौरस किलोमीटर जंगल मागे पसरलेलं असताना बाईंना बाळंतपणाला माझे नऊ इंचच सापडले!

बाळंतीण म्हटल्यावर आई निम्मी विरघळली. उरलेलं काम भजनी मंडळानं केलं. तिथं कुणीतरी सांगितलं, की तिरुमलाला व्यंकटेशाच्या अभिषेकानंतर जे पुनुगू तेल लावतात, ते या कुळातल्याच प्राण्याच्या ग्रंथींपासून येतं. झालं. मुडदेफरासाचं एका संध्याकाळीत देवाचं माणूस झालं. आई परत दिवाणावर झोपायला लागली आणि रोज रात्री किचनच्या ग्रिलवर एक केळं ठेवायला लागली. मी काही बोललो की, "तुझ्या वेळेस मला डिंकाचे लाडू होते."

मुलानं दुसरंच काढलं. "बाबा, इंडोनेशियात याच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी विकतात, जगातल्या सगळ्यात महागड्यांपैकी एक." तिकडे त्यासाठी या बिचाऱ्यांना पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळं चारतात, हेही त्यानं वाचून दाखवलं. आईनं ग्रिलवरच्या केळ्याकडे बघितलं आणि दुसरं आणून ठेवलं. आमचं उत्पादन गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, रोज त्याच कोपऱ्यात जमा व्हायचं. मी वाकून पाहिलं. धुवून ठेवल्यासारख्या स्वच्छ बिया: पुष्कळशा कंपाउंडातल्या भेर्ली माडाच्या, आणि दोन काळ्याभोर, चकचकीत, चिकूच्या. चिकू माझे होते. ओट्यावर पिकत घातलेले.

मे महिन्यात तिचं दर्शन घडलं. पाणी प्यायला उठलो, तर बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात एक काळपट तोंड, मास्क लावल्यासारखं, डोळ्यांखाली पांढरा ठिपका. तिनं माझ्याकडे पाहिलं. आजोबा मालकाकडे असंच पाहायचे. मग अंगाएवढी लांब शेपूट सोडवत ती ग्रिलवर उतरली, मागोमाग तीन पिल्लं. तिसरं घाबरलं, तेव्हा ती परत वर चढली.

दोन आठवड्यांनी चाहूल थांबली. मी भोकाशी रांगोळी पसरली. तीन दिवस एकही पाऊल उमटलं नाही, तेव्हा मिस्त्रीला बोलावून जाळी ठोकली. आजोबा असते तर तीन पिढ्या तोंड बघितलं नसतं.

परवा सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात सेक्रेटरी. डोळे लाल, हातात टॉर्च. "काल रात्रीपासून आमच्या सीलिंगवर," ते म्हणाले, "कुणीतरी चालतंय."

मी त्यांना बसवलं, चहा टाकला. "सीलिंग तुमचंच ना?" असं अगदी मायेनं विचारलं. अर्जासाठी कोरा कागद शोधत होतो, तेवढ्यात आई आतून दोन केळी घेऊन आली आणि त्यांच्या हातात ठेवत म्हणाली, "रात्री ग्रिलवर ठेवा. पिकलेलीच हं. हिरवं केळं ती तोंडात घेत नाही."