गरम इंजिन आणि न फिरणारा स्टार्टर : एक खुलासा
गोव्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे की, अनमोड घाट चढून थांबवलेली गाडी पुन्हा चालू न होता नुसता ‘टक्’ आवाज आला, तर स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर) जळाला असे समजून तो बदलावा. हे बहुतेक वेळा खरे नसते. इंजिन बंद होताच पंख्याचा वारा थांबतो आणि एक्झॉस्ट हेडरची (इंजिनातील जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) उष्णता शेजारच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचमध्ये, साठते. सोलेनॉइडच्या वेटोळ्यातील तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्याने त्यातून कमी वीज वाहते आणि सोलेनॉइडची ओढ क्षीण होते. गाडी निवल्यावर तोच स्टार्टर नीट फिरत असेल, तर तो जळालेला नाही. आधी अर्थिंगची तार (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी) तपासावी, कारण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत तिच्या बोल्टाखाली गंज धरतो. किल्ली फिरवताना सोलेनॉइडच्या बारीक तारेवर बॅटरीपेक्षा बरेच कमी व्होल्ट दिसल्यास तेथे रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवावा. हेडर आणि स्टार्टर यांच्यामध्ये, दोन्हींकडे हवेची फट ठेवून, पत्र्याचा आडोसा लावावा. हेडरला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा सल्ला मात्र आपल्याकडे घातक वाटतो. पावसाळ्यात ती ओल धरते आणि साध्या पोलादाच्या नळ्या पट्टीखाली सडत जातात.