गेस्टला एकच व्हीसीपीयू, मग बॅरियर कशाला?

नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: व्हर्च्युअल डिव्हाइस म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, गेस्टला (खऱ्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनला) एकच व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) असेल तर मेमरी बॅरियर (मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम पक्का ठेवणारी सूचना) नको, एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) तर कधीच नको, फारच भीती वाटली तर व्होलाटाइल (सी भाषेतला शब्द) लावा, नाहीतर सगळीकडे एमबी() (लिनक्सचा पूर्ण बॅरियर) टाका.

गेस्टला व्हीसीपीयू एक असेल, पण खालच्या होस्टला (खऱ्या मशीनला) कोअर किती? डिव्हाइसची बाजू सांभाळणारा थ्रेड दुसऱ्याच कोअरवर पळत असतो. गेस्टचा कर्नल एसएमपी (अनेक प्रोसेसरांची सोय) बंद ठेवून बिल्ड केला की एसएमपी_एमबी() या बॅरियरमधून सीपीयूसाठी एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही, फक्त कंपायलरने क्रम बदलण्याला आळा बसतो. त्यासाठीच लिनक्स ४.५ मध्ये (२०१६) व्हर्ट_एमबी() आणि तिची भावंडं आली. ती कर्नल कसाही बिल्ड करा, खरा बॅरियर टाकतातच. डिस्ट्रोचे (उबुंटूसारख्या लिनक्सचे) तयार कर्नल एसएमपी चालू ठेवूनच येतात, म्हणून 'माझ्याकडे तर चालतं ना बाप्पा' असं म्हणता येतं.

एक्स८६ चं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथे साध्या मेमरीत दोन स्टोअर (लिहिणं) किंवा दोन लोड (वाचणं) आपसात जागा बदलत नाहीत. पण स्टोअरनंतरचा लोड त्या स्टोअरच्या आधी उरकू शकतो, आणि व्हर्टआयओच्या (व्हर्च्युअल डिव्हाइसशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) रिंगमध्ये, म्हणजे दोघांच्या सामायिक मेमरीतल्या कामाच्या रांगेत, नेमकं तेच अवघड वळण आहे. गेस्टमधला ड्रायव्हर अव्हेल इंडेक्स (नवं काम कुठवर टाकलं तो आकडा) वाढवतो, मग डिव्हाइसला किक (काम आल्याची सूचना) हवी आहे का ते वाचतो. पलीकडे डिव्हाइस 'किक द्या' असं लिहितो, मग इंडेक्स वाचतो. दोघांचीही स्टोअर आपापल्या स्टोअर बफरमध्ये (लिहिलेलं मेमरीत पोचण्याआधी थांबतं त्या जागेत) अडकली, तर दोघेही जुनीच किंमत वाचतात. ड्रायव्हर म्हणतो किक नको, डिव्हाइस म्हणतो काम नाही. पिंग थांबतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एक ओळही येत नाही. इथे दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरियर लागतो. एकीकडेच टाकून भागत नाही.

व्होलाटाइल फक्त कंपायलरला बांधतं, सीपीयूला नाही. विषय संपला.

सगळीकडे एमबी() टाकलं तर चुकत नाही, महाग पडतं. आर्म६४ वर (आर्मच्या ६४-बिट प्रोसेसरांवर) एसएमपी_एमबी() म्हणजे डीएमबी आयएसएच ही हलकी इन्स्ट्रक्शन, पण एमबी() म्हणजे डीएसबी एसवाय ही जड, आणि ते दर पॅकेटला कशाला भरायचं? मात्र पलीकडे खरंखुरं पीसीआय कार्ड व्हर्टआयओ बोलत असेल तर हिशोब बदलतो. ऑर्डर_प्लॅटफॉर्म हा फीचर बिट (ड्रायव्हर आणि डिव्हाइसने आपसात ठरवायची खूण) मान्य झाला की लिनक्सची रिंग एमबी(), डीएमए_आरएमबी() आणि डीएमए_डब्ल्यूएमबी() वापरते. म्हणजे कोड लिहिण्याआधी विचारायचं ते गेस्टच्या व्हीसीपीयूंबद्दल नाही, पलीकडे कोण बसलंय याबद्दल.