‘सगळ्यांना एकच भट्टी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सगळे धर्म एकच सांगतात, फरक फक्त वेशाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि चौघांनी लगेच ‘अगदी खरं’ म्हणून मान डोलावली. दावे चार: देव एकच, उपास एकच, मेल्यावर सगळ्यांची मातीच म्हणून सगळ्यांना विद्युतदाहिनी, आणि शिकवण एकच. शेवटी तंबी: फरक काढले की भांडणं होतात. हेतू चांगला असेल, पण माहिती चुकीची आहे. तिसऱ्या दाव्याने तर माणसांचे हाल झालेले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

देवाचं आधी उरकते. जैन धर्मात जग निर्माण करणारा देवच नाही, पण आत्मा आहे. बौद्ध धर्मात तसा देवही नाही आणि नित्य आत्माही नाही. ख्रिस्ती माणसाला येशू देवाचा पुत्र. मुसलमानाला तोच येशू, म्हणजे ईसा, पैगंबर. ‘बुद्ध विष्णूचाच अवतार’ हे वाक्यही मेसेजमध्ये आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी नेमकी ही समजूत खोटी ठरवते, आणि सहावी श्राद्ध-पिंडदान न करण्याची आहे. ज्यांनी त्या घेतल्या त्यांना ‘तुमचंही आमचंच’ म्हणणं म्हणजे त्यांचा निर्णयच पुसणं.

उपासाचंही तसंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, चहा चालतो. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. जैन उपवास साधारण ३६ तासांचा, त्यात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडीच. ‘कुठलाही उपास असो, मधुमेहाच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या’ हा मेसेजमधला सल्ला धोक्याचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेऊन तेरा-चौदा तास पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्यायच्या असतात. आजाऱ्याला तर कुराणातच रोज्यातून सूट आहे.

आता तिसरा दावा. ‘रोगराई टळते, जागा वाचते, मग सगळ्यांना एकच भट्टी का नको?’ कारण ती भट्टी प्रत्येकासाठी एक नाही. हिंदूसाठी अग्नी हा संस्कार आहे; तरी संन्याशाला आणि तान्ह्या बाळाला पुरतात, आणि लिंगायत समाजात बसत्या स्थितीत दफन करतात. पारशासाठी अग्नी इतका पवित्र की प्रेताने तो विटाळू नये, मातीही नाही आणि पाणीही नाही, म्हणून डुंगरवाडी, म्हणजे देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याची जागा. मुसलमानाच्या देहाला आधी गुस्ल, म्हणजे विषम वेळा स्नान, शेवटच्या पाण्यात कापूर. मग पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचं कफन. मग उभ्यानेच जनाज्याची नमाज, तीत रुकू (कमरेत वाकणं) नाही की सजदा (कपाळ टेकणं) नाही. आपल्याकडे कबर उत्तर-दक्षिण खणतात, डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. त्याच्यासाठी देह जाळणं ही विटंबना आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, पण २०१६ च्या सूचनेत सांगितलं की राख उधळायची नाही आणि घरीही ठेवायची नाही.

‘रोगराई टळते’ हे तर साफ खोटं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच लिहून दिलं होतं की संसर्गाने गेलेल्याला जाळलंच पाहिजे हा गैरसमज आहे. तरी ३० मार्चला मुंबई महापालिकेने धर्म न बघता दहनाचं परिपत्रक काढलं. ते काही तासांत मागे घेतलं, हे नशीब. श्रीलंकेत तेवढंही झालं नाही. एप्रिल २०२० ते फेब्रुवारी २०२१ कोरोनाच्या प्रत्येक मृतदेहाला सक्तीचं दहन. डिसेंबरात वीस दिवसांचं एक मुसलमान बाळ आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध जाळलं. सरकारने माफी मागितली ती जुलै २०२४ मध्ये. ‘मातीच ती’ म्हणणाऱ्याने त्या आईवडिलांना हे समजावून दाखवावं.

जागेचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करते. मुंबईत कबरस्तानं अपुरी आहेत. पारशांच्या डुंगरवाडीला लागणारी गिधाडं, गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने जवळजवळ संपली. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली तोवर उशीर झाला होता. दहन निवडणाऱ्या पारशांसाठी वरळीला २०१५ मध्ये प्रार्थनागृह सुरू झालं, पण ती वाट पारशांनी स्वतः काढली, कुणी लादली नाही.

चौथ्यात तथ्य आहे: ‘स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये’ हे बहुतेक सगळीकडे सापडतं. पण स्वतःला काय नको, तेच तर दर ठिकाणी वेगळं.

राहिली ती तंबी. अलिबागकडच्या गावांत मराठी बोलणारे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचा घाणा चालवत. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नावच दिलं ‘शनिवार तेली’. फरक साऱ्या गावाला ठाऊक होता, आणि रविवारी तेल त्याच घाण्यावरून येत होतं.