गोल शिक्का

"सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडे?"

परवा रविवारी डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणारे नवरी मुलीचे थोरले काका. अंगात बनियन, खाली पट्ट्यांचा पायजमा, हातात पोह्यांची बशी. आणि मी त्या वेळी काय करत होते? त्यांच्याच पुतणीच्या बोटांवरून दुसऱ्या कुणीतरी केलेलं पाप खरवडत होते.

माझा धंदा घरोघरी जाऊन नखं लावायचा. ग्राहक मला 'नेल आर्टवाल्या ताई' म्हणतात, सासूबाई 'ते नखांचं' म्हणतात, आणि सोसायट्यांचे वॉचमन रजिस्टरमध्ये 'डिलिव्हरी' लिहून मोकळे होतात. या मुलीने महिनाभर आधी माझी तारीख धरली होती. मग मेसेज आला, "ताई सॉरी, घरातच झालं." घरातच झालं म्हणजे मामेबहिणीने केलं. तिने फोनवर दोन दिवसांचा कोर्स केलाय आणि ती दहा नखं ३९९ रुपयांत लावते. मी दीड हजार घेते. माझी तारीख गेली. मी गप्प बसले. रविवारी सकाळी अकराला त्याच मुलीचा रडत फोन, साखरपुडा संध्याकाळी सहाला. मी ठाकुर्लीचा पूल ओलांडून पूर्वेला गेले. का गेले, हे मला अजून नवऱ्यालाही नीट सांगता आलेलं नाही.

नखांची अवस्था सांगते. पंधरा दिवसांपूर्वी केळवणाच्या वेळी ती लावली होती. मापं चुकलेली, त्यामुळे करंगळीवर अंगठ्याचं आणि अंगठ्यावर कुणाचं ते देवालाच ठाऊक. आदल्या दिवशी सुटलेली चार परत चिकटवली होती, कानातल्याचा खडा चिकटवायला वापरतात त्या पाच रुपयांच्या ट्यूबने. कडांमध्ये केस अडकत होते. मुळाशी प्रत्येक नखावर लालसर अर्धगोल रेघ, म्हणजे नख घासायचं ड्रिल आडवं न धरता टोचून फिरवलेलं. आमच्यात त्याला 'रिंग ऑफ फायर' म्हणतात. ऐकायला सर्कशीतला खेळ वाटतो, पण ती रेघ नखासोबत वाढून बाहेर पडायला सहा महिने लागतात, कारण हाताचं नख महिन्याला वाढून वाढून जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं.

मामेबहीण तिथेच होती. विशीतली, गोड पोरगी, कुरडया तळत होती.

तर, सर्टिफिकेट. गेल्या आठ वर्षांत एकाही ग्राहकाने मला ते मागितलेलं नाही. तरी मी त्याची लॅमिनेट केलेली प्रत स्कूटरच्या डिकीत ठेवते. दादरला सहा महिने लोकलला लटकून मिळवलेलं आहे ते. कोर्सची फी भरायची होती २०१६च्या नोव्हेंबरात. मी डब्यात साठवलेल्या सगळ्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा, आणि आठ तारखेला रात्री टीव्हीवर जे झालं ते झालं. पुढचे आठ दिवस मी बँकेच्या रांगेत उभी राहून जे शिकले ते त्या कोर्समध्येही शिकवलं नाही. असो. चार मजले उतरले, डिकी उघडली, चार मजले चढले, आणि काकांच्या हातात कागद ठेवला.

काकांनी पोह्यांचा हात पायजम्याला पुसला. चष्मा लावला. कागद खिडकीपाशी नेला. पुढून पाहिला, मागून पाहिला, तिरका धरून पाहिला. काका एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती.

"गोल शिक्का कुठाय?"

"काका, होलोग्राम आहे ना. हा इथे, चकाकतोय तो."

"चकाकतं ते चॉकलेटवर पण असतं. गोल शिक्का नाही म्हणजे कागद ग्राह्य नाही." मग स्वयंपाकघराकडे वळून, "अगं, तुझं दाखव जरा!"

पोरगी तेलाचे हात पुसत आली आणि तिने फोन उघडला. दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट. वर सोनेरी फीत, खाली लफ्फेदार सही, आणि उजव्या कोपऱ्यात, मंडळी, वाटीएवढा गोल शिक्का. काकांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि माझ्यासमोर असा धरला जसं पंच बाद झालेल्या फलंदाजासमोर बोट धरतात.

आता यावर काय बोलायचं? आपल्याकडे नखं लावायला परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात ४०० तास शिकावं लागतं आणि परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, हे मी त्या रागात काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "माझा भाचा तिकडेच असतो. तिकडे केस कापायलाही परवाना. म्हणून तर पोरं इकडे येऊन कापून घेतात." त्यांना वाटलं त्यांनी मला हरवलं. मला वाटलं ते माझीच बाजू मांडताहेत. दोघंही समाधानाने गप्प झालो.

खरं सांगायचं तर त्या पोरीवर माझा फार राग नाही. मीही कधीतरी कच्चीच होते. कोर्सच्या दुसऱ्या महिन्यात मी धाकट्या बहिणीच्या बोटावर जेलचा, म्हणजे यूव्ही दिव्याखाली घट्ट होणाऱ्या लेपाचा, जाड थर देऊन हात त्या दिव्यात घातला होता. जेल घट्ट होताना तापतं आणि थर जितका जाड तितका चटका मोठा, हे मला पाठ होतं. बहिणीला नव्हतं. ती जी किंचाळली, त्याचा उल्लेख झाल्याशिवाय आमच्याकडे अजून भाऊबीज पार पडत नाही. पण मी त्याचे पैसे घेतले नव्हते हो! आणि ते निस्तरायला आलेल्या कुणा दुसरीशी बहिणीने पैशांची घासाघीस केली नव्हती. राग येतो तो याचा. बिघडवायचे ३९९ कुणी कमी करून मागत नाही. निस्तरायला आलेल्या बाईला मात्र विचारतात, "निम्मं तर काम झालेलंच आहे, मग पूर्ण पैसे का?" निम्मं काम! अहो, अशी बिघडलेली काढायला कधीकधी लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अ‍ॅसिटोनचे बोळे, त्यावर फॉइल, वीस मिनिटं वाट, मग हलक्या हाताने सोडवणं. ओढलं तर नखाचा पापुद्रा सोबत येतो. दोन बोटांवर तो आधीच आलेला होता.

फॉइलच्या दहा टोप्या घालून नवरी बसली आणि काकांनी माझा दिवा पाहिला.

"हा काय, नोटा तपासायचा?"

मी म्हटलं, जेल सुकवायचा. पण काका पाकीट आणायला आत गेलेसुद्धा. बरं, त्यांचं चूक नव्हतं. त्या जांभळ्या उजेडात नोटेचे नंबर आणि आतले बारीक तंतू चमकतात. काकांनी एकेक पाचशेची नोट आत सरकवायला सुरुवात केली. दिव्याला साठ सेकंदांचा टायमर आहे. साठ सेकंद झाले की तो विझे आणि काका ओरडत, "लाइट गेली!" मग आतून कुणीतरी पंखा चालू आहे का बघे. पुढे मी जेल लावायला बसले तरी हे थांबेना. एक हात नवरीचा, एक नोट काकांची, मग दुसरा हात, मग वहिनींच्या पाकिटातली नोट. शेजारच्या आजी दूध घ्यायला आल्या होत्या, त्यांनी कनवटीची काढली.

नवव्या नोटेला काका थबकले. ती सबंधच निळी-पांढरी उजळली होती. मी सांगितलं, ही खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये गेली असणार, कपडे चमकवायला पावडरीत जे घालतात ते कागदाला लागलं की असंच दिसतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. गोल शिक्का नसलेल्या बाईचं मत म्हणून ते ऐकलं, आणि नोट वेगळी ठेवली.

मग निघालं हिरवं. उजव्या अनामिकेवरचं चिकटवलेलं नख सुटलं आणि खाली मुगाच्या सालीसारखा हिरवट डाग. सुटलेल्या नखाखाली पाणी शिरतं, बाई दिवसभर हात ओले करते, आणि त्या ओलीत जंतू वाढतात. बुरशी नव्हे, जंतू. त्यावर काही लावायचं नसतं, उघडं ठेवायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. मी सांगितलं, या बोटाला मी हात लावणार नाही.

"अंगठी त्याच बोटात घालणार आहेत," नवरी रडवेली झाली.

"हिरवं तर शुभ असतं," काका म्हणाले. "हिरवी साडी, हिरवा चुडा, हिरवं नख. उलट मॅचिंग झालं."

स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं. मला हसू येईना. त्या पोरीला मी बोलावलं, डाग दाखवला, बाटलीवर साठ सेकंद लिहिलेलं असताना तू दहा सेकंदांत हात का काढत होतीस विचारलं. म्हणाली, "ताई, माझ्या दिव्याला चटका बसतो, मग लोक ओरडतात." कच्चं राहिलेलं जेल कातडीला लागत राहिलं की अ‍ॅलर्जी येऊ शकते, आणि आली की सहसा जन्माची येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दात भरायच्या मसाल्यात, सांध्याच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, मी समजावत होते, तोच काकांनी पायजमा वर केला.

"म्हणजे माझ्या गुडघ्यात तुमचंच हे आहे?"

"त्याच कुळातलं, काका."

काकांनी ऑपरेशनचा व्रण अभिमानाने कुरवाळला आणि क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस मला मान देणार. काका म्हणाले, "मग डॉक्टरने सव्वादोन लाख कशाचे घेतले? तुम्ही दीड हजारात करता!"

साडेचारला संपलं. नऊ नखं झाली, दहावं मोकळं, त्या नखाला न शिवता बोटावर बहिणीबहिणींनी मिळून मेंदीची वेल ओढून घेतली आणि ती खरोखर छान दिसत होती. पैसे काकांनी दिले. पंधराशे ठरलेले, एक बोट कमी म्हणून दीडशे कापले. एक शंभराची, तीन पन्नासच्या, एक दोनशेची, चारशे वहिनींकडून सुटे. आणि एक पाचशेची. ती मी जिन्यात उलगडली. इस्त्री केल्यासारखी, जराशी फिकी, साबणाचा वास असलेली.

घडीचं टेबल घेऊन ती पोरगी माझ्यामागे चार मजले उतरली. मी नको म्हणत असताना. स्कूटरपाशी म्हणाली, "ताई, तुम्ही तो प्रायमर लावलात ना आधी, तो कुठे मिळतो? मी सगळं नीट शिकणारे आता." डोळे अगदी खरे होते. मी सांगितलं, मस्जिदला उतर, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला ये. दुकानाचं नावही खरं सांगितलं. फक्त गल्ली सांगताना डावीकडची म्हणाले. ती उजवीकडची आहे.

काल दुपारी दीडला तिचा मेसेज आला. "ताई, अर्धा तास फिरतेय, सापडत नाहीये. कुठून वळू?" खाली घाम पुसणारा चेहरा.

मी तो वरच्यावरच वाचलाय. उघडलेला नाही.