मंकला पियानो येत होता

जॅझ पियानोचा विषय निघाला की अमेरिकन पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंकची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ती साधारण अशी: मंक कधी कुणाकडे शिकला नाही. बोटं नीट चालत नसल्यामुळे त्याचे सूर चुकायचे, आणि पुढे त्या चुकांनाच लोक शैली म्हणू लागले. तो वेडा होता, त्या वेडातूनच संगीत आलं. विक्षिप्तपणामुळे न्यूयॉर्कच्या क्लबांनी त्याला दूर ठेवलं आणि कदर झाली ती मेल्यावर. शेवटी उपदेश येतो, की शिकवणीच्या नादी लागू नका, मनाला येईल ते वाजवा.

मला ही गोष्ट ऐकवत नाही. एका माणसाने चाळीस वर्षं डोकं आणि हात झिजवून जे उभं केलं, ते ही गोष्ट अपघाताच्या खात्यात जमा करते. शिवाय ती आवडीने सांगणारे बहुतेक जण मंकवर प्रेम करणारेच असतात, म्हणून ती जास्त टिकते. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘कधी कुणाकडे शिकला नाही.’ मंकचा जन्म 10 ऑक्टोबर 1917 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावचा. 1922 मध्ये आई बार्बरा मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या सॅन ह्वान हिल भागात, पश्चिम 63व्या रस्त्यावर राहू लागली. तिथे अकराव्या वर्षाच्या सुमारास मंकची शिकवणी सुरू झाली, ती सायमन वुल्फ या ऑस्ट्रियात जन्मलेल्या शिक्षकाकडे. वुल्फ युरोपीय अभिजात संगीताचे. त्यांच्याकडे मंक शोपँ, लिस्ट, रखमानिनॉव्ह वाजवत होता. त्याच वस्तीत अल्बर्टा सिमन्स नावाची पियानोवादक राहायची. डाव्या हाताने खालचा स्वर आणि वरची कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर) आलटून पालटून उडी मारत वाजवायची, त्या ‘स्ट्राइड’ शैलीचे धडे त्याला तिच्याकडून मिळाले. पुढे शाळा अर्धवट सोडून हा पोरगा एका फिरत्या धर्मप्रचारिकेच्या ताफ्याबरोबर देशभर हिंडला आणि रात्रीमागून रात्री प्रार्थनासभांना साथ करत राहिला. साथीसारखी तालीम दुसरी नसते, हे आपल्याकडच्या कुठल्याही हार्मोनियमवाल्याला विचारावं.

त्या दौऱ्यात कॅन्सस सिटीला मेरी लू विल्यम्सने त्याला ऐकलं. ती स्वतः अव्वल पियानोवादक. तिने 1954 मध्ये लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात लिहिलं, की त्या काळात मंक आताच्यापेक्षा कितीतरी जास्त तंत्र दाखवून वाजवायचा. म्हणजे वेगवान, भरगच्च पियानो त्याला विशीच्या आतच येत होता आणि त्याने तो समजून-उमजून विरळ केला. न शिकलेल्याला टाकून देण्यासारखं काही नसतंच.

‘सूर चुकायचे.’ इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आरोप जुना आहे आणि जाणकारांनीही केलेला आहे. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी 1949 च्या आपल्या पुस्तकात मंकच्या काही चाली बऱ्या म्हटल्या, पण तंत्राच्या अभावामुळे पियानोवादक म्हणून तो फार काही करू शकला नाही, असा शेरा मारला. तो शेरा पुढच्यांनी न ऐकताच उचलला.

मंक काय करत होता ते पियानोसमोर बसून पाहता येतं. पियानोवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला स्वर वाद्यात नाहीच. ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या परंपरेतल्या गाण्यात मात्र गळा नेमका त्या मधल्या जागी जातो. मग मंक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो, लगेच एक सोडतो आणि दुसरी धरून ठेवतो. कानाला स्वर सरकल्याचा भास होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं बोट घसरलं. पण तेच ‘घसरणं’ त्याच धुनेत, त्याच मात्रेवर, दहा वर्षांनंतरच्या ध्वनिमुद्रणातही त्याच जागी सापडतं. चूक अशी घर करून राहत नाही.

आणि बोटं? 1952 चं ‘ट्रिंकल, टिंकल’ ऐका. उजव्या हाताच्या त्या गुंतागुंतीच्या जलद लडी भल्याभल्यांना जड जातात. ‘स्ट्रेट, नो चेझर’मध्ये वेगळी गंमत आहे. बारा मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) साधा ब्लूज, एकच छोटा स्वरसमूह, पण तो दर खेपेला मापातल्या वेगळ्या मात्रेवर पडतो, कधी थोडा लांबतो, कधी तुटतो. ज्याच्या डोक्यात लय पक्की नाही त्याला हे एक आवर्तनही निभावणार नाही. ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ची रचना तर बावीस मापांची आहे, आणि एक फेरी संथ तर पुढची दुप्पट लयीत. ऑक्टोबर 1956 मध्ये सॉनी रॉलिन्स, ऑस्कर पेटिफर्ड, मॅक्स रोच या तयारीच्या लोकांनी स्टुडिओत ती पंचवीसेक वेळा वाजवून पाहिली. एकही वादन अखंड उतरलं नाही, शेवटी निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी तुकडे जोडून ती रेकॉर्डवर घातली. अवघड काय होतं, तर मंकने लिहिलेलं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात पक्का पुरावा 28 फेब्रुवारी 1959 चा आहे. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मंक दहा जणांचा ताफा घेऊन बसला. वाद्यमेळाची मांडणी हॉल ओव्हरटन या संगीतकाराने मंकबरोबर बसून केली होती. ‘लिटल रूटी टूटी’ हे मंकने 1952 मध्ये तिघांच्या संचात वाजवलेलं. त्यातलं त्याचं आयत्या वेळचं पियानोवादन ओव्हरटनने रेकॉर्डवरून स्वर न् स्वर उतरवून घेतलं आणि सगळ्या ताफ्याला दिलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, सॅक्सोफोन, सगळे मिळून मंकचा तो ‘चुकणारा’ उजवा हात वाजवतात, आणि तो ऐन रचलेल्या संगीतासारखा उभा राहतो. दोन्ही ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. लागोपाठ ऐकली की फेदर यांच्या शेऱ्यात काही उरत नाही.

‘वेडातून संगीत आलं.’ मंक आजारी होता, हे खरं आहे आणि ते लपवण्यात त्याचा मान नाही. तो कधी कधी दिवसचे दिवस बोलत नसे, त्याला रुग्णालयात दाखल करावं लागे. चौदा वर्षं खपून 2009 मध्ये त्याचं चरित्र लिहिणारे इतिहासकार रॉबिन केली यांच्या मते हा बायपोलर आजार होता. पण हिशेब नीट मांडला तर दिसतं, की आजाराने त्याला संगीत दिलं नाही, त्याच्याकडून ते काढून घेतलं. आजार बळावत गेला तशा नव्या रचना कमी होत गेल्या. 1976 नंतर तो लोकांसमोर वाजवायला बसला नाही. शेवटची वर्षं न्यू जर्सीत मैत्रीण पॅनोनिका द कोनिग्स्वार्टर हिच्या घरी गेली, आणि 17 फेब्रुवारी 1982 ला तो गेला.

वाजवता वाजवता उठून नाचण्याचंही असंच. सॅक्सोफोनची पाळी चालू असताना मंक पियानो सोडून गोल गोल फिरायचा, आणि लोक हसायचे. पण त्या वेळी मागे फक्त बास आणि ड्रम उरायचे, सॅक्सोफोनवाल्याला कॉर्डच्या आधाराविना स्वतःची वाट शोधावी लागायची. 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन काही महिने याच परीक्षेतून गेला. पुढे त्याने मंकला वरच्या दर्जाचा संगीत-वास्तुकार म्हटलं. सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ तर 1959 पासून अकरा वर्षं त्याच्याबरोबर राहिला. लहरी माणसाजवळ इतकी वर्षं कुणी संगीत करत नाही.

‘गूढ, एकलकोंडा’ ही प्रतिमा आली कुठून, तेही सांगायला हवं. 1947 मध्ये ब्लू नोट कंपनीने मंकच्या नावाने पहिल्या रेकॉर्ड काढल्या. त्या खपाव्यात म्हणून कंपनीच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या लोरेन लायन यांनी ‘बीबॉपचा (त्या काळच्या नव्या धाटणीच्या जॅझचा) महापुरोहित’ अशी त्याची जाहिरात केली. हेतू चांगला होता, पण लेबल कायमचं चिकटलं. घरी तो नेलीचा नवरा आणि दोन मुलांचा बाप होता.

‘विक्षिप्तपणामुळे काम मिळेना.’ हा मुद्दा मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या जागी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं. ऑगस्ट 1951 मध्ये मंक आणि त्याचा पियानोवादक मित्र बड पॉवेल गाडीत असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. त्याला साठ दिवसांची कैद झाली आणि कार्ड गेलं. पुढची सहा वर्षं, ऐन भरातली, आपल्याच शहरातल्या क्लबांचे दरवाजे त्याला कायद्याने बंद होते. नेलीच्या कमाईवर घर चाललं, तो घरी बसून रचत राहिला. 1957 मध्ये कार्ड परत मिळालं तेव्हाच फाइव्ह स्पॉटचा तो प्रसिद्ध मुक्काम होऊ शकला. ऑक्टोबर 1958 मध्ये डेलावेअरमध्ये पोलिसांनी त्याला गाडीतून खेचून मारलं, पियानोवादकाच्या हातांवर मारलं, आणि कार्ड पुन्हा गेलं. यात स्वभावाचा संबंध कुठे आला?

‘कदर मेल्यावर.’ उशिरा झाली म्हणा, मेल्यावर नाही. 1962 मध्ये कोलंबियासारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला, 1963 मध्ये तो जपानचा दौरा करून आला. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या 28 फेब्रुवारी 1964 च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र होतं. जॅझवाल्यांपैकी त्याआधी तो मान लुई आर्मस्ट्राँग, डेव्ह ब्रूबेक आणि ड्यूक एलिंग्टन यांना मिळाला होता. मरणोत्तर आलं ते 2006 चं पुलित्झरचं विशेष सन्मानपत्र.

राहिला उपदेश. मनाला येईल ते जरूर वाजवावं, फक्त दाखल्याला मंकला घेऊ नये. त्याच्या सत्तरेक रचना जगभरचे जॅझवाले आज पाठ करतात, मापं मोजून, एकेक स्वर तपासून. मंक साथीदारांकडून नेमकी हीच मेहनत करून घ्यायचा.