आंबोली चढणाऱ्याला बेतूलच्या पुढे का उतरावे लागते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दक्षिण गोव्यातल्या केळशी-बेतूल-काब द राम-आगोंद या सायकलमार्गाच्या लेखाखाली तुम्ही सावंतवाडीहून सविस्तर लिहिलेत, त्याला तेवढेच सविस्तर उत्तर द्यायला हवे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही आंबोली घाट न थांबता चढता, आणि इथे बेतूलच्या पुढे दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा की लेखातली चढाई फसवी आहे, एकूण चढाईचा नकाशावरचा आकडा आणि तुमच्या सायकलवरच्या यंत्राचा आकडा यांत शंभर-सव्वाशे मीटरचा फरक आहे, आणि त्यापेक्षा हमरस्त्याने करमल घाटातून काणकोणला गेलेले बरे. शिवाय पावसाळ्यात जाऊ नका हा सल्ला तुम्हाला भित्रेपणाचा वाटला.

आधी पायांचे बघू, कारण खरा मुद्दा तोच आहे. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे आणि पायथ्याच्या दाणोलीपासून ती उंची एका दमात मिळते. पण तो रस्ता भरलेल्या ट्रकना चढता यावा म्हणून आखलेला. डोंगरी रस्त्यांसाठी रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचे संकेतच ५-६ टक्के चढाचे आहेत, अपवाद म्हणून ७-८. बेतूल ते आगोंद हा रस्ता असा कुणी आखला नाही. खाडीकाठच्या वाड्यावरून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट पठारावर, जायची जी वाट होती तिच्यावरच पुढे डांबर पडले. सड्याचा माथा कठीण जांभ्याचा, त्याखालचा थर मऊ. खालचा भाग झिजत जातो, माथा टिकून राहतो, आणि सड्याची कड उभीच राहते. रस्ता त्या कडेवर थेट चढतो, माथ्यावर थोडा सपाट धावतो आणि पुढच्या व्हाळात (ओढ्यात) कोसळतो. एकेका चढाची उंची फार नाही, पण दहा टक्क्यांच्या आसपासचे तुकडे त्यात आहेत आणि ते पुन:पुन्हा येतात.

आता तुमची सायकल. पुढच्या दोन चेनरिंगना (दातेरी चक्रांना) ५० आणि ३४ दाते, मागच्या चकत्यांना ११ ते २८, असे तुम्ही लिहिले आहे. सर्वांत हलका गिअर ३४×२८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ९.२ किलोमीटर. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो असतील तर या वेगाने ६ टक्क्यांच्या चढाला सुमारे १४० वॅट लागतात, १० टक्क्यांना सव्वादोनशे, १२ टक्क्यांना २६५ च्या घरात. आंबोलीत तुम्ही तासभर १४० वॅट देता, त्याचे कौतुकच आहे. इथे तोच गिअर, तोच माणूस, आणि मागणी जवळजवळ दुप्पट. फेरे कमी करून वॅट कमी करता येतात हे खरे. पण पायडलवरचा जोर गिअर आणि चढ ठरवतात, फेऱ्यांनी तो घटत नाही. पन्नासच्या खाली गेलात की सायकल डुलायला लागते, आणि मग माणूस उतरतो.

मागे ११-३४ ची कॅसेट (चकत्यांचा संच) बसवली तर ६० फेऱ्यांना वेग ७.६ होतो आणि १२ टक्क्यांचा तुकडा २२० वॅटच्या आसपास येतो. फरक छोटा वाटेल, पण ढकलणे आणि बसून चढणे यांच्यात एवढेच अंतर असते.

गिअर बदलायची वेळही तेवढीच महत्त्वाची, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. या रस्त्यावर उताराच्या तळाशी बहुधा अरुंद पूल किंवा मोरी असते आणि तिच्या तोंडाशी रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे आडवे उंच पट्टे. म्हणजे उतारावर कमावलेला वेग नेमका चढ सुरू होण्याआधीच जातो. बहुतेक जण रंबलर पार करून मोठ्या चेनरिंगवरच चढाला भिडतात, वीस-तीस मीटरमध्ये अडकतात, आणि मग पूर्ण जोर देत असतानाच पुढचा गिअर पाडतात. ताणाखालची चेन दातांवरून नीट सुटत नाही. ती कधी तिथेच घासत राहते, तर कधी सुटून थेट फ्रेमवर पडते. म्हणून रंबलरच्या आधीच, पाय हलके फिरत असताना ३४ वर या. त्याच वेळी मागे तीन-चार पायऱ्या लहान चकतीवर या, म्हणजे पाय एकदम मोकळे फिरणार नाहीत: ५०×२१ आणि ३४×१४ जवळपास एकच गिअर आहे. पुढे चढ वाढेल तशी मागची एकेक मोठी चकती. शेवटची चकती पहिल्या पन्नास मीटरमध्ये संपवू नका. वळणापलीकडे चढ अजून उभा होतो असे तिथे एकापेक्षा अधिक ठिकाणी आहे.

उंचीच्या आकड्यांबद्दल. तुमचे यंत्र हवेच्या दाबावर उंची काढते, नकाशा काढतो उपग्रह आणि रडारच्या मोजणीवरून. दोघांच्या चुका वेगळ्या. रडारची मोजणी झाडीच्या भागात जमिनीऐवजी पानांची उंची धरते आणि अरुंद व्हाळ बुजवून टाकते, म्हणून कुठे वाढते तर कुठे घटते. दाबाच्या यंत्राचे गणित वेगळेच. समुद्रसपाटीला १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे साडेआठ मीटर. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढा असतो आणि दुपारी चारपर्यंत ३ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो, हवा कितीही स्वच्छ असो. म्हणजे जागच्या जागी उभे राहिलात तरी यंत्र तुम्हाला पंचवीसेक मीटर वर नेऊन ठेवते. त्यात घामाने यंत्राचे बारीक छिद्र बुजले तर आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. उपाय सोपा: केळशीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर यंत्रात उंची २ मीटर भरा, आगोंदच्या किनाऱ्यावर पुन्हा पाहा. जेवढा फरक येईल तेवढा हवेने दिलेला. आणि एकूण चढाईच्या आकड्यावरून या मार्गाची तयारी करू नका. सर्वांत उभे तीनशे मीटर किती टक्क्यांचे आणि असे किती वेळा, हे विचारा.

फेरीबोटीचा उल्लेख आला म्हणून: तुम्ही तो वेळेचा अपव्यय म्हटला आहे. मडगावहून बाणावली, वार्का, केळशी हा सपाट पट्टा पाय गरम करायला उत्तम आणि फेरीत मिळणारी पाच मिनिटे पाणी प्यायला. मात्र ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. फेरीचा लोखंडी उतारही ओला असतो. पायडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट तिथे हमखास घसरतात. सायकलवरून आधीच उतरा, क्लीटला कव्हर घाला, सायकल पाण्याच्या बाजूला न धरता आतल्या बाजूला धरा.

हमरस्ता. करमल घाट पायांना सोपा आहे, हे तुमचे म्हणणे मान्य, चढ एकसारखा आणि झाडी दाट. पण बाळ्ळीपासून पुढे वळणे आंधळी, कडेला जागा जवळजवळ नाही, आणि बसगाड्या वळणावरच ट्रकना मागे टाकतात. जायचेच तर सकाळी सातच्या आत घाट संपवा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. परतीसाठी मात्र तो विचारात घ्यायला हरकत नाही, कारण नोव्हेंबर ते मे या काळात दुपारी वायव्येचे समुद्री वारे सुटते. आगोंदहून किनाऱ्यानेच उत्तरेला परतलात तर ते तोंडावर. आतला रस्ता झाडीत असल्याने वाचतो.

पावसाळा. त्या सड्यांवर जूननंतर जे हिरवे दिसते त्याला तोड नाही, यात वाद नाही. अडचण ब्रेकची. कडेची तांबडी माती पहिल्या जोरदार सरीबरोबर वळणावर येऊन बसते आणि उताराचे वळण नेमके तेच. रिमब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर ही माती पॅडमध्ये रुतते आणि रिम कानशीसारखी घासते. प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर पॅड काढून टाचणीने खडे आणि ॲल्युमिनियमचे कण टिपा, खाचा संपत आल्या असतील तर पॅड बदला. ओल्या रिमवर पहिला चाकाचा एखादा फेरा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलके दाबून पाणी पुसून घ्या. रंबलरचे पांढरे पट्टे ओले असताना साबणासारखे, त्यांवर ना ब्रेक ना वळण. डिस्कब्रेक असेल तर चिंता कमी, पण पॅड कितपत उरले आहेत ते तिथेही पाहावे लागते. टायर २५ मिलिमीटरऐवजी २८ चे लावा आणि सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाने हवा ७० पीएसआयच्या आसपास ठेवावी, पावसात त्याहून पाच कमी. फ्रेम आणि ब्रेकच्या कमानीत चार मिलिमीटर मोकळे राहतात का ते आधी बघा, नाहीतर मातीचा गोळा अडकून चाकच थांबते.

पाण्याच्या जागा दिल्या नाहीत ही तक्रार रास्त आहे. बेतूलनंतर कणगिणी, खोल, आगोंद असे वाडे लागतात, पण दुकाने दुपारी एक ते चार मिटलेली आणि रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला तीच गत. दोन बाटल्या बेतूलला भरूनच पुढे जा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, ती पाऊण लिटरच्या बाटलीत ओतून घट्ट पाणी करू नका, पोट बिघडते. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात कालवा आणि त्यातले मावेल तेवढे बाटलीत भरा. दुसरी बाटली साधी ठेवा.

चढाची सवय करायची तर केपे-रिवण-नेत्रावळी हा रस्ता त्याआधी करून पाहा. नदीच्या खोऱ्यातून जातो, चढ-उतार आहेत पण बेतूलसारखे उभे नाहीत. खनिज वाहतूक चालू असेल तेव्हा रिवणच्या बाजूला रस्त्यावर बारीक खडी सांडलेली असते, तेवढे लक्षात ठेवा.

राहिली ११-३४ कॅसेट. तुमच्याकडे शिमानोच्या १०५ मालिकेतला आर७००० असेल तर मागच्या डिरेलरच्या (चेन चकत्यांवर सरकवणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला एसएस किंवा जीएस लिहिलेले दिसेल. एसएस ३० दात्यांपर्यंतच घेतो, जीएस ३४ घेतो. शिमानोची एचजी८०० कॅसेट मागच्या चाकाच्या ११ वेगांच्या हबवर बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची अंतरकडी (स्पेसर) घालावी लागते, ती विसरली तर कॅसेट आवळूनही डुलते. चेन जुनीच ठेवू नका: मोठ्या चेनरिंगवर आणि मोठ्या चकतीवर, डिरेलर न घालता, गुंडाळून दोन कड्या जास्त धरा. मग डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून वरची पुली चकतीला घासत नाही एवढे अंतर ठेवा. एसएस निघाला तर डिरेलरसकट बदलायला किती खर्च येईल ते तुमच्या दुकानात विचारा, आणि कोणता निघाला ते इथे खाली लिहा. १० वेगांची सायकल असेल तर जोडणी वेगळी, तीही तशीच सांगता येईल.